जॉंग कोणी तोडला

रांझी, जबलपूर
१२ सप्टेंबर

प्रिय प्रणोती,

पाकीट पाहून आधी तू घाबरशील. आजकाल पोस्टाने विम्याचे आणि बँकेचे कागद येतात. हाताने पत्ता लिहिलेलं काही आलं की माणसाला वाटतं, कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. जी जायची होती ती फेब्रुवारीत गेली. मी गुडघे सोडले तर धडधाकट आहे. हे सगळं फोनवर लिहिलं असतं तर अर्धं वाचूनच तू लाल बदाम पाठवला असतास, आणि त्या बदामानंतर मला पुढचं लिहिता आलं नसतं. म्हणून कागद. तीस वर्षं रेल्वेच्या ऑफिसात फाइलींवर शेरे लिहिले, हाताला कागदाचीच सवय आहे. तेव्हा एका जागी बसून वाच, आणि वाचून संपेपर्यंत बाबांना फोन करू नकोस.

मला तुझ्या त्या शब्दाबद्दल लिहायचं आहे. जॉंग. आजीच्या तेराव्याला सगळ्यांसमोर तू तो सांगितलास आणि म्हणालीस की आजी शेवटच्या दिवसांत आत्याशी, म्हणजे माझ्याशी, वाईट वागली ती रागाने नव्हे, मायेने. मी त्या दिवशी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, रडते आहे. मी रडत नव्हते. मला तुझा राग आला होता. सहा महिने तो गिळून बसले, आता बसवत नाही. आताच काहून, असं विचारशील तर ते शेवटी सांगेन; आधी सांगितलं तर पुढचं लिहायचा धीर उरणार नाही.

पहिल्यांदा हा शब्द आपल्या घरात आला तो दिवस तुला आठवतो का? तू होळीला म्हणून पुण्याहून आलीस आणि लॉकडाउनमध्ये सगळं बंद झाल्यामुळे चांगले साडेचार महिने इथे अडकलीस. रोज अकरा वाजता जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तुझा कोरियनचा क्लास चालायचा. श्रीपाद फोनवर कुरकुर करायचा की आपली मुलगी फ्रेंच-जर्मन सोडून हे काय शिकून राहिली. आणि माझी आई मटार सोलायचं निमित्त करून तुझ्या शेजारी बसायची. आठ दिवसांत मटार संपले पण आई उठेना. शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवलेली बाई, तिला नवीन लिपी दिसली की राहवायचं नाही. तिने माझ्या ऑफिसची एक कोरी डायरी घेतली आणि तुझ्याबरोबर अक्षरं गिरवायला लागली. काड्या आणि गोल, काड्या आणि गोल. अवघ्या आठवड्यात तिला वाचता यायला लागलं आणि तुझ्या त्या मास्तरणीला स्क्रीनवरून तिने नमस्कार केला तेव्हा ती पोरगी खुर्चीतून उठून कमरेत वाकली. त्या दिवशी आई जेवताना दोन पोळ्या जास्त जेवली.

जॉंग हा शब्द तू मे महिन्यात आणलास. एवढासा शब्द, एकाच चौकोनात मावणारा. वर ज, बाजूला काडी, खाली गोल. खालचा गोल म्हणजे आपला अनुस्वार, असं आईने लगेच ठरवून टाकलं. मग तू सांगितलंस की शब्द मुळात चिनी अक्षरातून आलेला आहे, आणि ते अक्षर डायरीत काढून दाखवलंस. डावीकडे उभं केलेलं हृदय, उजवीकडे हिरव्या-निळ्या रंगाचं चिन्ह. आईने विचारलं, हृदयाचा रंग हिरवा कसा? तू म्हणालीस, तसं नाही आजी, उजवीकडचं चिन्ह नुसतं उच्चारापुरतं असतं, अर्थ डावीकडे. आईला ते पटलं नाही. हृदयाच्या शेजारी येऊन बसलंय अन् म्हणे उच्चारापुरतं, असं पुटपुटत तिने ते अक्षर दहा वेळा काढलं. ती डायरी माझ्याकडे आहे. पानभर हृदयं आणि पानभर हिरवं.

अर्थ सांगताना तू अडखळत होतीस आणि मला ते आवडलं होतं. प्रेम नाही म्हणालीस, मैत्री नाही, माया म्हटलं तरी पुरत नाही. बरोबर राहून राहून माणसांमध्ये जे साचतं ते. ते कुणी करत नाही, ते आपोआप आत शिरतं. माणसाबद्दल शिरतं, घराबद्दल शिरतं, वापरून मऊ झालेल्या चपलेबद्दल शिरतं. आपला कोपऱ्यावरचा विष्णू भाजीवाला न मागता कोथिंबिरीच्या दोन काड्या वर टाकतो, तोही जॉंग. आई म्हणाली, म्हणजे आपला लळा. तू म्हणालीस, थोडा लळा, पण लळा गोडच असतो ना. जॉंग दोन तऱ्हेचा असतो. एक गोउन जॉंग, चांगल्या वागण्यातून आलेला. दुसरा मिउन जॉंग, ज्याच्याशी रोज भांडतो, ज्याचा वीट येतो, त्याच्याबद्दलही जो जडतोच. आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग माझा अन् विनीचा मिउनच." आपण तिघी हसलो. मी पण हसले. खरं तर मला ते फार बरं वाटलं होतं, कारण जन्मभर एका छताखाली राहून आम्हा दोघींचं जे काय झालं होतं त्याला कुणी पहिल्यांदा नाव दिलं होतं.

आणि त्याच दिवशी तू ती तिसरी गोष्ट सांगितलीस, जॉंग तोडण्याची. की कुणाची जायची वेळ जवळ आली आणि ते माणूस एकाएकी खाष्ट वागायला लागलं, तर तिकडे म्हणतात, जॉंग तोडायला बघतंय बिचारं, म्हणजे मागे राहणाऱ्याला फार लागू नये. तू हे सांगितलंस तेव्हा तुझे डोळे भरले होते. विशीतलं पोर, मरणाच्या गोष्टी गोड वाटण्याचं वय. पण आई त्यावर काय म्हणाली ते तू विसरलीस, प्रणोती. तुझ्या भाषणात ते नव्हतं. मला शब्दन् शब्द आठवतं. ती म्हणाली, "कल्पना छान आहे हो. पण मरणारं माणूस एवढी उठाठेव करत नाही. ते घाबरलेलं असतं." आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली.

ऑगस्टमध्ये तू परत गेलीस तेव्हाचंही आठव. गाडी दारात उभी, ड्रायव्हर तोंडाला फडकं बांधून हॉर्न वाजवतोय, आणि आई वाटी घेऊन उंबऱ्यात. हातावर दही घेतल्याशिवाय आपल्या घरातून कुणी बाहेरगावी गेलेलं नाही. माझ्या बाबांनी फॅक्टरीतून रिटायर होईपर्यंत प्रत्येक दौऱ्याला दही खाल्लं. मी बी.ए.च्या प्रत्येक पेपरला खाल्लं, श्रीपादने इथून कायमचं जाताना खाल्लं. आईचं म्हणणं, दही हातावर घेतलं की माणूस परत येतो. तू त्या दिवशी तळवा चाटता चाटता म्हणालीस की कोरियात हे नाही. आईला त्या लोकांची कीव आली. तुला आठवतंय, ती म्हणाली होती, मग त्यांची माणसं परत येतात कशी? त्यासाठी ती रोज संध्याकाळी न चुकता विरजण लावायची. तिला हात हलवता येईना झाले तेव्हा मी लावायला लागले.

आता गेल्या वर्षाचं सांगते, कारण तुम्हाला ते व्हिडिओ कॉलच्या चौकटीतून दिसलं, आणि चौकट दिवसातून दहा मिनिटं उघडायची. ऑगस्टमध्ये आई न्हाणीघरात पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. ऑपरेशन नीट झालं पण ती उठली नाही. दिवसा तिचं करायला बेबी यायची. तू तिला पाहिलं आहेस, उंच, पन्नाशीची, बरगीकडची. सकाळी आठ ते पाच ती, उरलेल्या वेळी मी. दिवाळीपर्यंत ठीक चाललं. दिवाळीनंतर आई बदलली.

माझ्या हातचा घास घेईना. तोच वरणभात बेबीने भरवला की खायची. मी खोलीत गेले की भिंतीकडे तोंड. "काहून आली तू? तुला बोलावलं कोणी?" अवंतीमावशी ओमतीहून दोन रिक्षा बदलून बघायला आली, तर तिचा हात धरून म्हणाली, "मला उपाशी ठेवून राहिली ही. दोन दिवस झाले, पोटात काही नाही." ताट नुकतंच धुवून पालथं घातलं होतं, त्यातून पाणी निथळत होतं. मावशीने माझ्याकडे पाहिलं. विश्वास ठेवला नसेल तिने, पण पाहिलं. बेबीला सांगायची, "इसको बोलो बाहर जाए." आणि संध्याकाळी श्रीपादचा फोन आला की आवाज एकदम मऊ. बाळा, जेवलास का? मला तुझ्याकडे ने. ही माझी जायची वाट अडवून बसली आहे. श्रीपाद फोन ठेवताना मला म्हणायचा, ताई, जरा सांभाळून घे तिला. डॉक्टर म्हणाले, इस उम्र में होता है, मेंदूवर परिणाम होतो, दिल पे मत लीजिए. सगळे मला सांगत होते की मनावर घेऊ नकोस. मन कुठे काढून ठेवायचं ते कुणी सांगत नव्हतं.

हे सगळं तुझ्या भाषणात होतं. हो, तुझ्या गोष्टीत मीच बिचारी होते. अस्थी घेऊन आपण ग्वारीघाटला होडीत बसलो तेव्हा तू ते पहिल्यांदा बाबांना सांगितलंस, आणि नावाड्याने वल्हं थांबवून ऐकलं. मग तेराव्याला सगळ्यांना. आजीला कळलं होतं की आपण जाणार, आणि आत्या एकटी पडणार, म्हणून तिने आत्याच्या मनातला जॉंग स्वतःच्या हाताने तोडायला घेतला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. श्रीपाद माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बघ ताई, आणि आपण काय काय समजत होतो. त्याचा चेहरा किती हलका झाला होता ते मी पाहिलं. सहा महिन्यांत दोनदा आलेला मुलगा, त्याला आईने माझ्याबद्दल सांगितलेलं कुठेतरी ठेवायचं होतं. तू जागा करून दिलीस. आता आमच्या नात्यात हा शब्द सगळ्यांना येतो. अवंतीमावशी तर कुणाची सासू खेकसली तरी म्हणते, जॉंग तोडतेय. एवढ्याशा शब्दाने किती जणांची सोय झाली बघ.

माझी झाली नाही. कारण तुझ्या गोष्टीत एक महिना नव्हता. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

संक्रांतीचा दिवस. मी वाटीत तिळगूळ घेऊन गेले. लाडू नव्हे, चुरा केला होता तिला चावता यावा म्हणून. बेबी उशा झटकत होती. मी चिमूटभर तोंडाशी नेला. तिने तो थुंकला, माझ्या हातावर, आणि म्हणाली, "लग्न झालं नाही कोणाशी, म्हणून माझ्या उरावर बसली आयुष्यभर."

प्रणोती, तुला हे माहीत नसेल म्हणून एवढंच लिहिते. मला एक स्थळ आलं होतं, नुसतं आलं नव्हतं, ठरलं होतं. त्याच पंधरवड्यात माझ्या बाबांना अर्धांगवायू झाला. श्रीपाद तेव्हा शिकत होता. मी नाही म्हटलं तेव्हा आईने माझे दोन्ही हात धरले होते आणि म्हणाली होती, मी हे विसरणार नाही. ती विसरली नव्हती. विसरली असती तर असं नेमकं तिथेच मारता आलं नसतं. डॉक्टर काहीही म्हणोत, माणूस सगळं विसरतं पण दुसऱ्याची दुखरी जागा विसरत नाही.

मी हात धुतला आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं बंद केलं.

कामं बंद केली नाहीत. हे नीट समजून घे. ऑफिसात नावडता साहेब आला की आम्ही सगळे असंच करायचो. फाइल वेळेवर, शेरा नियमात, कुठे बोट ठेवायला जागा नाही, आणि तोंडाने एक अक्षर नाही. दोन महिन्यांत साहेब बदली मागायचा. मी आईशी ते केलं. चादरी रोज बदलल्या, औषधं मिनिटावर दिली, पाठीला पावडर लावली, एक जखम होऊ दिली नाही. डॉक्टर म्हणाले, ऐसी सेवा कम दिखती है. सेवा उत्तमच होती. फक्त मी तिच्याशी बोलत नव्हते. जे बोलायचं ते बेबीला, आईच्या अंगावरून.

पहिला आठवडा आई ओरडली. दुसऱ्यात शिव्या कमी झाल्या. तिसऱ्या आठवड्यात तिने मला विनी म्हणून हाक मारली, कितीतरी दिवसांनी. विनी, खिडकी लाव. मी खिडकी लावली आणि बाहेर आले. मग रोज काही ना काही. विनी, पाणी. विनी, आज कोण आलं होतं? एकदा म्हणाली, "विनी, रथसप्तमी झाली का गं?" मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तिच्या डोळ्यांसमोर धरलं, आणि परत खिळ्याला लावलं. मला वाटत होतं, कळू दे तिला. तिने जाणूनबुजून केलं, मी जाणूनबुजून करते आहे, फिटंफाट.

म्हणून मला तुझ्या शब्दाचा राग आला. समजतंय का तुला? आईने रागाने केलं असेल, तर माझं चालून जात होतं. म्हातारपणी डोकं फिरून केलं असेल, तरी एक वेळ मी स्वतःला समजावलं असतं, की मला ते माहीत नव्हतं. पण तू उभी राहून चाळीस माणसांना सांगितलंस की तिने ते मायेने केलं. मग मी कोण ठरले? जी माझ्यासाठी स्वतःला वाईट करून घेत होती तिला मी कॅलेंडर दाखवत होते? तुझा शब्द खरा असू नये म्हणून मी देवासमोर हात जोडले आहेत. असली प्रार्थना कुणी केली नसेल.

श्रावणात बेबी आली होती, घरचे भुट्टे घेऊन. आता ती दुसरीकडे जाते, पण वाटेत आली. चहा घेतला, आईच्या रिकाम्या पलंगाकडे पाहिलं, आणि सहज म्हणाली, "माताजी रोज नहाते बखत पूछती थीं, दीदी का गुस्सा उतरा क्या? मैं बोलती, उतर जाएगा माताजी. आप ही बोल दो ना उनसे. तो बोलतीं, डर लगता है." मी तिला आणखी चहा दिला. ती गेल्यावर भुट्टे तसेच पिशवीत राहिले आणि काळे पडले.

डर लगता है. माझ्या आईला माझी भीती वाटत होती.

आता काहून लिहिलं ते. परवा मराठी मंडळातून गुणवंतकाका आले. दिवाळीच्या स्मरणिकेसाठी तू पाठवलेल्या लेखाचा प्रिंट काढून त्यांनी आणला होता, सोबत टाकायला माझा आणि आईचा एकत्र फोटो हवा म्हणाले. मी लेख त्यांच्यासमोरच वाचला. फार छान लिहिलं आहेस. काड्या आणि गोल, हिरवं हृदय, भाजीवाल्याची कोथिंबीर, सगळं आलं आहे. आणि शेवटी लिहिलं आहेस, आजीने आत्याच्या मनातून स्वतःला अलगद सोडवून घेतलं. काकांचे डोळे ओले झाले. मी म्हटलं, फोटो शोधून ठेवते. फोटो समोरच टांगलेला होता.

आईला हॉस्पिटलमध्ये नेलं त्या सकाळी तू नव्हतीस, श्रीपाद नव्हता. दहा वाजले असतील. श्वास लागला होता. ॲम्ब्युलन्सवाले दोघं स्ट्रेचर घेऊन आले, तिला उचललं, मी फाइल आणि चादर घेऊन मागे. उंबऱ्याशी आल्यावर ती म्हणाली, "थांबा." ते थांबले. तिने चादरीतून उजवा हात बाहेर काढला आणि माझ्याकडे तळवा पसरला, मध्ये खळगा करून. स्ट्रेचरवाल्या पोराला वाटलं तिला हात धरायचा आहे. बेबीला कळलं, तिने माझ्याकडे पाहिलं. मला तर कळलंच होतं. आदल्या संध्याकाळी मीच विरजण लावलेलं, फ्रिज तीन पावलांवर, वाटी पहिल्याच कप्प्यात. मी त्या पोरांना म्हटलं, "चलो भैया." सदतीस दिवसांत तिच्यासमोर, बेबीला सोडून, मी काढलेले ते पहिले शब्द, आणि ते तिला नव्हते. गाडीचं दार लागेपर्यंत तळवा तसाच होता. चार दिवस ती होती, पण नळ्या घातल्या होत्या, त्यामुळे बोलण्याचा प्रश्न नव्हता. मी मात्र बोलले, त्या चार दिवसांत खूप बोलले. तिला ऐकू येत नव्हतं.

जी जॉंग तोडायला निघाली आहे ती दही मागत नाही, प्रणोती. तिला परत यायचं होतं. ह्याच घरात, माझ्याकडेच. म्हणून सांगते, लेख छाप. शब्द खरा आहे, त्याचं मूळ, त्याचे अर्थ, सगळं तू बरोबर लिहिलं आहेस. फक्त जॉंग तोडला असं जिथे लिहिलं आहेस, तिथे आजीचं नाव खोड आणि माझं घाल. आणि तिने ते मायेपोटी केलं, असं मात्र माझ्याबद्दल लिहू नकोस.

इतकं वाचूनही म्हणवून घ्यायचं असेल तर तुझीच,
विनताआत्या